गोजराचा ‘न’

निकेश, तुझी कंबर कशी आहे? न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदांपायी दिवसभर खुर्चीत बसतोस, मधून चार पावलं चालत जा. रुतिका सूनबाई, शुगर उतरली का? गोळी चहाच्या आधी घ्यायची, हे मी सांगून थकलो. हरेश, माझ्या भाच्या, कळंबोलीहून ट्रेलर घेऊन निघताना गुडघ्याला पट्टा बांधतोस ना? आणि मनू, हरेशची लेक मनस्वी, तुझे डोळे? महाप्याच्या त्या थंडगार ऑफिसात पडद्याकडे बघून लाल झालेले मी गुढीपाडव्याला पाहिले. त्यानंतर तू या घरी आली नाहीस.

वकीलबाई संघप्रिया म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र असं सुरू होत नाही. आधी स्वतःची तब्येत लिहायची." मी म्हटलं, बाई, आमच्याकडे दारात आलेला माणूस आधी घरच्यांची विचारपूस करतो, मग आपलं दुखणं काढतो. जाणाऱ्यानंही तेच करावं.

तर आता माझी. मी, बाळाराम जोमा तांडेल, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार सारसोळे गाव, नेरूळ, नवी मुंबई, लिहून ठेवतो की माझी बुद्धी जाग्यावर आहे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजव्यानं नको तेवढं येतं. हा कागद मी आपल्या मनानं लिहितो आहे, कुणी हात धरून लिहवून घेत नाही. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत, असं लिहायची रीत आहे. मृत्युपत्र मी आधी कधी केलेलं नाही. पण एक अर्ज केला होता, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी. तो मला रद्द करायचा आहे. त्याचं पुढे येईल.

कलम १. गावठाणातलं घर, खालच्या दोन खोल्या आणि वरची एक, निकेश आणि रुतिका यांना. अट एकच. स्वयंपाकघराची खाडीकडची खिडकी एसीसाठी बुजवायची नाही. ओहोटीला त्या खिडकीतून मला जे ऐकू येतं, ते माझ्याबरोबर जाईल अशी आशा आहे. नाहीच गेलं, तर खिडकी लावून घेऊ नका. ऐका.

कलम २. बँकेत जे असेल ते निकेश आणि हरेश यांनी निम्मं निम्मं घ्यावं. पोटच्या पोराइतकं भाच्याला का, असं गाव विचारील. गावाला पाचवं कलम वाचून दाखवा.

कलम ३. अवजारं. वल्हं आणि जाळं विणायची सुई हरेशला, त्याच्या बापाची आठवण म्हणून. सुई त्यानंच, सितारामनं, तासून दिली होती. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, मात्र शेजारच्या देवजीला. त्यानं ती एकदा मागून नेली आणि परत आणली तेव्हा तिच्या शिशाच्या गोळ्या कमी होत्या. विचारलं तर म्हणतो, "मासं खाल्ली असतील." पाग त्यालाच द्या. निदान सगळ्या गोळ्या पुन्हा एका जागी येतील.

वह्या. या अकरा आहेत. पाठीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘खाडीचा शुद्ध शब्दसंग्रह’. मी शाळेत दोनच वर्षं गेलो. ‘पानी’ म्हटलं म्हणून मास्तरांनी बाकावर उभं केलं होतं, सगळा वर्ग हसला होता. पुढचं वाचन मी सुक्या बोंबलांच्या पुडीच्या कागदांवर केलं. पण तो ‘ण’ मी असा कमावला, जसा कुणी गळ्यात सोन्याची साखळी कमावतो. गावात अर्ज, पत्र, दाखला काही लिहायचं तर लोक माझ्या ओट्यावर यायचे. मी चष्मा लावून म्हणायचो, "तू बोल, मी शुद्ध करतो." पोरंसोरं माझी नक्कल करायची. मला ते आवडायचं.

वह्यांतले निम्मे शब्द माझ्या धाकट्या बहिणीचे, गोजराचे. चिखलाच्या जाती, भरतीच्या वेळा, माशांच्या पिल्लांची नावं तिच्या जिभेवर होती आणि तिला अ काढता येत नव्हता. ती सांगायची, मी सुधारून उतरवायचो. ती हसून म्हणायची, "दादा, मासा तुझे वहीत नाय येत, जाल्यात येतो." मी म्हणायचो, ‘जाळ्यात’. ती म्हणायची, "तेच सांगतंय."

वह्या कुणाला, ते शेवटी.

कलम ४. टॅबलेट रुतिकाला. त्यातला खेळ काढून टाकू नये.

मनू कंपनीत खेळांच्या कथा लिहिते. गुढीपाडव्याला तिनं आपला नवा खेळ सगळ्यांना पाठवला, ‘खारभूमीची पोथी’. मला वाटलं, उड्या मारायचं काही असेल. आत अख्खं राज्य निघालं. तिथं मिठाच्या मनोऱ्यात एक महालेखक राहतो. त्याचं म्हणणं, जे शुद्ध लिहिलं गेलं तेवढंच घडलं. त्याची धाकटी बहीण पाण्यावरून एक शब्द घेऊन येते, हा त्यातलं एक अक्षर सुधारून पोथीत मांडतो. त्या दिवसापासून बहिणीचा नवरा दर ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उभा दिसतो. त्याचं मरण पोथीत भलत्याच शब्दाखाली लागलंय, त्यामुळे त्याला पुढं जायला वाट नाही. पोथीचं पान भिजलेलं. शब्द दिसत नाही, शेवटच्या अक्षराची जागा तेवढी मोकळी. खेळणाऱ्यानं तिथं ‘ण’ ठेवायचा किंवा ‘न’.

मला महालेखक फार आवडला. रुतिकाला म्हटलं, "हा माणूस मुद्द्याचं बोलतो. बहीणच अडाणी आहे." मी ‘ण’ ठेवला. पाणी चढलं, मनोरा बुडाला, खेळ पहिल्यापासून. एकोणीस दुपारी मी ‘ण’ ठेवला. रुतिका भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "बाबा, एकदा ‘न’ ठेवून बघा की."

"मी? ‘न’?"

"गेमच आहे ना. पेपर कोण तपासतंय?"

विसाव्या दुपारी कंटाळून ‘न’ ठेवला. मनोऱ्याचं दार उघडलं आणि आतून गोजरा बोलली. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तिचाच आवाज, तोच दम लागलेला. "दादा, खूण नाय रं. खून." आणि महालेखक तिला म्हणाला, "तू बोल, मी शुद्ध करतो."

भाकरी करपल्याचा वास आला. मान वळवली तर रुतिका तवा सोडून माझ्या पाठीशी उभी होती.

कलम ५. रद्द करायचा अर्ज.

आमच्या बोलीत ‘ण’ नाही. खूण म्हणजेही खून आणि खून म्हणजेही खून. जाळ्याचे खांब पाण्यात कुठं गाडलेत ते कळायला आम्ही किनाऱ्यावरचं झाड, देऊळ धरून ठेवतो, तीही खूनच. दिवसातून दहादा हा शब्द तोंडात यायचा.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली गोजराचा नवरा सिताराम खांबांशी मेलेला सापडला. तिसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर आली, कडेवर हरेश. चौकीवर द्यायचा अर्ज लिहून हवा होता. ती दोनच वाक्यं बोलली. "खांबाशी खून हाय. मी बगलाय."

मी लिहिलं, ‘खांबाजवळ खूण आहे. ती मी पाहिली आहे.’ मग ऐटीत वाचून दाखवलं.

ती माझा ‘ण’ जीभ वळवून उच्चारत म्हणाली, "दादा, खूण नाय रं. खून."

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, "अगं तेच ते. लिहिताना ‘ण’ लिहितात, अडाणी कुठली!"

तिनं हरेशला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग अंगठा पुढे केला. शाई मी लावली.

अर्ज वाचून चौकीवर ठरलं, माणूस खुणेपाशी जाळं बघायला गेला आणि बुडाला. गावानं त्यात दारू ओतली. सिताराम दारूला शिवत नसे, पण हरेश ‘बेवड्याचा पोर’ म्हणून मोठा झाला. गोजरा महिनाभर मुकी होती. बोलू लागली तेव्हा कागद दप्तराला लागून गेला होता, राखही खाडीत गेली होती. मला एकदाच म्हणाली, "तू लिवलास तेच खरं, दादा." मी त्यात माझा मान बघितला. त्यानंतर तिनं माझ्या वहीला एक शब्द दिला नाही. मी समजलो, दुःखानं बाई शब्द विसरली.

व्याकरणाचं तेवढं सांगतो, कारण आयुष्यभर त्याचीच मिजास केली. ‘बगलाय’ हे पुल्लिंगी. खून तो, खूण ती. तिचं वाक्य बरोबर होतं. अक्षरही मी बदललं आणि लिंगही.

शेवटच्या आजारपणात तिनं सगळं नातीला सांगितलं. मनूनं ते फोनवर रेकॉर्ड केलं, आजीच्याच परवानगीनं त्यातलं थोडं खेळात घातलं. मी फोन करून ओरडलो, "मला आधी का नाही सांगितलंस?"

मनू म्हणाली, "आजीनं सांगितलं होतं, आजा. अठ्ठ्याहत्तर साली."

आणि फोन ठेवला.

तेव्हापासून भर दुपारी, ओहोटी लागली की, खिडकीतून ‘दादा’ अशी हाक येते. टॅबलेट बंद असतो. जिथं खांब होते तिथं आता टॉवरची सावली पडते, त्या सावलीत कमरेइतक्या पाण्यात कुणीतरी उभं असतं. निकेश म्हणतो, बगळा असेल. बगळा एवढा वेळ माणसाच्या तोंडाकडे बघत नाही.

म्हणून शपथेवर लिहितो. सिताराम बुडाला नाही, त्याला मारलं. गोजरानं ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं. तिच्या अंगठ्याच्या वर जे लिहिलं आहे ते तिचं नाही, माझं आहे. मारणाऱ्या दोघांची नावं रेकॉर्डिंगमध्ये आहेत. मी ती इथं लिहीत नाही, मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी पुष्कळ लिहून झालंय. हरेश, तुझा बाप शुद्धीवर मेला. तुझ्या लग्नात मी तुझ्या बापाच्या जागी उभा राहिलो, तो मान माझा नव्हता.

कलम ६. अकरा वह्या मनस्वीला. पाठीवरचा ‘शुद्ध’ हा शब्द तिनं खोडावा. आत मी जिथं जिथं सुधारलं आहे तिथं आजीचा शब्द शेजारी लिहावा, माझाही ठेवावा, चूक दिसायला हवी.

आणि एक काम. गोजराचं सांगणं रेकॉर्डिंगवरून उतरवून तिनं नवा अर्ज लिहावा, मला वाचून दाखवावा, मी खाली माझी कबुली देईन, हरेशनं तो चौकीवर न्यावा. इतक्या वर्षांनी तिथं काय होईल, ठाऊक नाही. कागद तरी बदलेल. बाकीची कलमं मी मेल्यावर अमलात यावीत. हे मात्र मी जिवंत असतानाच.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, अंगठा कशाला? तुम्हाला सही येते." येते, म्हणूनच नको. शाई तेजश्रीनं लावली. सगळं वकीलबाईंनी मला वाचून दाखवलं, मी मध्ये दोनदा "थांबा" म्हटलं आणि दोन्ही वेळा त्या थांबल्या.

मृत्युपत्र करणार: बाळाराम जोमा तांडेल यांच्या डाव्या हाताचा अंगठा

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी अंगठा केला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही सह्या केल्या:
१. तेजश्री मढवी, बालवाडी शिक्षिका, सारसोळे
२. प्रितम भोईर, औषधविक्रेता, नेरूळ

स्थळ: सारसोळे, नवी मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सह्यांखालचं कायद्यात धरत नाहीत म्हणे. म्हणून हे इथं लिहितो, आणि असं पहिल्यांदाच लिहितो.

मनू, तुझे आजीनी सांगलाय तसाच लिव, यक बी अक्षर सुदारू नको. मना वाचून दाव. खिरकी उघरी ठेवलीय. पानी भरतंय, पोरी. जबाब लवकर लिव.