बारा बाण, नऊ शब्द

४ फेब्रुवारी, सायंकाळी
आज सर्वांसमक्ष माझा अपमान झाला. सरावात ताईने माझा बाण लक्ष्यातून उपटला. नळी तिच्या हातात आली; टोक आतच रुतून राहिले. ताई साऱ्या क्लबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाण अगदी तुझ्यासारखाच गं. बाहेर आला, पण तोंड आतच ठेवून."
सगळे हसले. प्रशिक्षक सरही हसले, मग खोकल्यासारखे केले. मी काहीच बोलले नाही. माझे मौन त्यांना झोंबले असणार.
दोष ताईचाच. बाण लक्ष्यालगत धरून ओढायचा असतो. तिने शेपटाकडून ओढला. टोक मी घाईत चिकटवले होते, ही बाब गौण.
संकल्प : सूड. संघात एकच जागा रिकामी आहे. निवड चाचणी २५ तारखेला. जागा माझी.

५ फेब्रुवारी
ग्रंथालयात चार तास. इन्सर्ट म्हणजे नळीच्या तोंडात बसवायची धातूची कडी. टोक तिच्यात फिरवून घट्ट करतात. कडी निसटली की टोकही गेले. अर्थात सर्व काही गोंदावर अवलंबून आहे.
झटपट गोंद : घट्ट, पण ठिसूळ. आदळला की तडकतो. (मागच्या वेळचा.)
हॉट मेल्ट : तापवून लावायचा, तापवून काढायचा. उन्हात नरमतो. ताई हाच वापरते. माणसाचा स्वभाव साहित्यात उतरतो.
इपॉक्सी : दोन द्रव्ये समप्रमाणात, चोवीस तास स्पर्श नाही, त्यानंतर सुटका नाही. सुडाला हाच शोभतो.

९ फेब्रुवारी
ताईचे टोक उन्हाने सुटणार, हे शास्त्रशुद्ध आहे. त्या क्षणी काय बोलायचे ते आधीच ठरलेले हवे. पहिला मसुदा : 'ताई, तुझे टोक आत राहिले.' धार नाही. चौथा मसुदा मंजूर : 'काय गं ताई, आज तुझ्या बाणाचं तोंड कुठे राहिलं?'
नऊ शब्द. कपाटासमोर उभी राहून वीस वेळा म्हटले. उत्तम जमले. आईने स्वयंपाकघरातून विचारले, कोणाशी बोलतेस. कपाटाशी, म्हणाले. बरं, म्हणाली.

१३ फेब्रुवारी
सरांनी क्लबच्या फळ्यावर नियम लावले आहेत. प्रत्येक बाणावर नाव हवे, नाहीतर बाण मोजला जाणार नाही. मला हे सांगावे लागत नाही. बाण आणले त्याच दिवशी बाराही बाणांवर शेपटाजवळ पांढऱ्या शाईने, वळणदार अक्षरांत नाव घातले होते. ताईचे अक्षर कोंबडीच्या पायांसारखे आहे.
सरांनी विचारले, सरावाला का येत नाहीस. मी मान हलवली. बाण तयार होत असताना ते मारणार कसे, हे त्यांना सुचायला हवे होते.

१७ फेब्रुवारी
नळ्या आतून बारीक पॉलिश पेपरने घासल्या, कड्याही. गुळगुळीत पृष्ठभागावर गोंद धरत नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळी
स्पिरिट आणि कानकाडी. कापूस पांढरा निघेपर्यंत आतून पुसले. एका नळीला सतरा काड्या. मग वाटले, अर्धवट स्वच्छता का? बाहेरूनही पुसले, टोकापासून शेपटापर्यंत. शेपटाजवळ पांढरट मळ निघाला, बाराही बाणांवर! लोक असल्या मळासकट स्पर्धेत उतरतात.
ताई डोकावली. म्हणाली, बाण मारणार आहेस की त्यांना आंघोळ घालणार आहेस? लिहून ठेवले आहे.

१९ फेब्रुवारी, दुपारी
इपॉक्सी लावले. कडी हळूहळू फिरवत आत सारली, ओघळ पुसला, कडी खाली ठेवून नळ्या उभ्या केल्या. दारावर पाटी : हात लावू नये. मीही चोवीस तास खोलीत गेले नाही. अभ्यास जिन्यात केला.

२४ फेब्रुवारी
एक टोक पक्कडीत धरून सर्व ताकदीने ओढले. हलले नाही. सराव झालेला नाही, पण पाया भक्कम आहे. नऊ शब्द पाठ.

२५ फेब्रुवारी, सायंकाळी
कडक ऊन. एकाच लक्ष्यावर आम्ही तिघी : ताई, मी आणि लांब वेणीवाली.
शेवटच्या फेरीनंतर ताईने आपला बाण ओढला. नळी आली. टोक आत.
माझ्या जिभेवर नऊही शब्द ओळीने उभे होते. मी तोंड उघडले. तेवढ्यात पंचबाईंनी विचारले, "हे बिननावाचे बाण कुणाचे? कुणी सांगितलं नाही तर मोजणार नाही."
तो मळ नव्हता.
'माझे' एवढेच म्हणायचे होते. नऊ शब्द वाटेत उभे होते, त्यामुळे तो एक बाहेर पडू शकला नाही. पंचबाईंनी पेन उचलले.
ताई हातात बिनटोकाची नळी धरून म्हणाली, "हिचे आहेत, बाई. इतकं घासूनपुसून दुसरं कोण ठेवणार?"
बाण मोजले. बारापैकी पाच लक्ष्यापर्यंत पोचले नव्हते. जागा ताईला मिळाली. माझे एकही टोक सुटले नाही, हे कोणी नोंदवले नाही. म्हणून इथे नोंदवते.

२६ फेब्रुवारी
ताई आपले बाराही बाण माझ्या टेबलावर ठेवून गेली. संघाचा पहिला सामना रविवारी आहे. तुझ्यासारखे पक्के करून दे, म्हणाली.
संधी आयती चालून आली होती. विचार केला. मग तिच्या नावांवर आधी चिकटपट्टी लावली आणि स्पिरिटची बाटली उघडली.

२७ फेब्रुवारी, दुपारी
कड्या बसवल्या. नळ्या उभ्या आहेत. उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही, हे ताईला कळवले आहे.
चिठ्ठी तिच्या उशाखाली आहे.