मला न आठवणारी चढाई

३ फेब्रु.
कबड्डीच्या पोरींनो, तुम्हा-आम्हा सगळ्यांना एकच वाक्य पाजून वाढवलंय: ‘काय न्हाई झालं, ऊठ!’

भाषणाचं एवढं लिहायला पाऊण तास. असल्या एका वाक्यावर मी पूर्वी कागदाशिवाय सभा गाजवायचे. कार्ल्याच्या सामन्यात गुडघा कानशिलावर बसला, त्याला आज सतरा दिवस. डोकं गच्च. ‘बाद झाल्यावर शेवटपर्यंत बाहेर बसून होतीस,’ असं संघातली सुरेखा सांगते. मला नंतरची फक्त रिक्षा आठवते.

५ फेब्रु.
लोणावळ्याच्या वाचनालयात कामावर परत रुजू. ट्यूबलाइट सोसेना, गॉगल लावून पुस्तकं दिली. एक आजोबा : “मॅडम, तुम्हीपण पर्यटक झालात?” हसले. मग त्यांनी मागितलेलं पुस्तक हातात, आणि नाव वाचता येईना. ज्या बाईनं ही कपाटं उपाशीपोटी वाचून काढली, तिला दोन ओळी जड. बाहेर हॉर्न. चिक्कीच्या पाकाचा वास आला, ओकले.

८ फेब्रु.
पुण्याच्या डॉक्टरबाई. “पहिल्या मारानंतर पुन्हा लागलं होतं का? नीट विचारून सांगा. पुढचे उपचार, खेळणं, सगळं त्यावर.”
सुरेखाला फोन. “नाही गं, एकदाच.”
बरं वाटलं.

११ फेब्रु.
कार्ल्याच्या फाट्यावर कणसं विकणाऱ्या मावशी भेटल्या. सामना बघायला होत्या.
“लय धीराची गं तू. तुज्या पोरींनी पॉइंट मारला, तू जिवंत झालीस आन् परत आत गेलीस.”
“मी? परत?”
“व्हय की! चढाईला गेलीस, पर तोंडातनं कबड्डी निघंना. माणसं हसली. मग उताणी पडलीस तवा म्या डोळंच झाकलं.”

बाद गडी जिवंत झाला की आत जातो, नियमच आहे. पण टाइमआउट घेऊन मला बदलायला आमच्या कोचना, भाऊंना, कुणी अडवलं होतं?

१२ फेब्रु.
सुरेखा लोणावळ्याजवळ औंढ्याला माझ्या घरी आली. पाच वर्षं बचावाच्या साखळीत माझा डावा हात तिच्या हातात.
“तुझे डोळे वेगळेच दिसत होते गं.”
“दिसलं ना? मग धरलं का नाहीस?”
ती : “भाऊ म्हणाले, दोनदा लागलं कळलं तर निवडीत घेणार नाहीत. तुझ्यासाठीच...”
माझ्यासाठी! मी बोलता बोलता शब्द हरवते, तेही माझ्यासाठीच ना.
भाऊंना फोन लावला. “अगं, डाक्टर भ्या घालत्यात. कणीसवालीचं काय ऐकतीस? रविवारी निवडीला निस्ती उभी ऱ्हा मैदानात.”
फोन ठेवला. ज्यांना भाऊ म्हटलं, त्यांनी...

१३ फेब्रु.
डॉक्टरबाईंना कळवलं. म्हणाल्या, लांबून पाहिलेलं पुरत नाही. डोकं कुठे आपटलं, किती वेळ शुद्ध नव्हती, हे जवळच्या कुणीतरी सांगायला हवं.
जवळ एकच होती.

हे पान तुलाच पाठवतेय, सुरेखा. क्षमा मागू नकोस, मला ती आत्ता पेलणार नाही. भाऊंना विचारायला जाऊ नकोस. सोमवारी सकाळी आठला लोणावळा स्टेशनवर ये, माझ्याबरोबर पुण्याला चल, आणि मी दुसऱ्यांदा पडले तेव्हा तू जे पाहिलंस ते डॉक्टरबाईंना सांग.