भर चौकात उतरली

नागपूर,
दि. ११ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप भिवाजी व्याही यांस पुंडलिकचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे, पण क्षेम नाही. गुणवंताचं कार्ड तुम्हाला रामाकोन्याला पोहोचलं असेल. विजयमालेच्या मांडीचं हाड मोडलं आहे. दवाखान्यात पायाला वजन टांगून निजवलंय. सहा आठवडे पाय हलवायचा नाही. हलला तर हाड वाकडं जुळेल आणि पोर जन्मभर लंगडेल, असं डॉक्टर म्हणाले. जेवण जातं. गुणवंता प्रेसमधून रजा घेऊन तिच्याजवळच असतो.

मी तिगावहून संत्र्याचा ट्रक घेऊन आलो होतो. माल उतरवला आणि पायीच गुणवंताच्या खोलीकडे निघालो. हे शहर तुम्ही पाहिलंच आहे. मोटारी, रिक्षा, सायकली, मधेच एखादी गाय, आणि कोणी कोणासाठी थांबेल तर शपथ! उधळलेला बैल मी शिंगं धरून आवरलाय, पण त्या चौकात मला रस्ता ओलांडता येईना. पाय पुढे टाकायचो आणि मागे घ्यायचो. एक शाळकरी पोरगी माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यात समोरून गुणवंता सायकलवर येताना दिसला. मागे कॅरिअरवर विजयमाला.

मग ती पडली. मागून ऑटोरिक्षा आली. बिचाऱ्या रिक्षावाल्याचा काही दोष नाही.

कार्डात चक्कर आली असं लिहिलं असेल. तिनंच नवऱ्याला तसं सांगितलं. व्याही, चक्कर खोटी आहे. आठ दिवस झाले, खरं मी कोणाला सांगितलं नाही.

ती पडली नाही. मला पाहून उतरली.

पोळ्याला गुणवंतानं तिला स्टेशनवरून असंच सायकलवर आणलं होतं. मी चार माणसांत ओट्यावर बसलेलो. बाबा गेल्यापासून घरात मीच वडील, तिचा थोरला दीर, म्हणजे भासरा, त्याचा तोरा. ती दारापर्यंत बसून आली, तिथं उतरली. गुणवंता सायकल ठेवायला मागे गेला आणि मी सर्वांदेखत बोललो, "भासरा बसला दिसते तं आधीच सायकलवरून उतरावं लागते, हे रामाकोन्यात शिकवलं नाही काय तुले?" तिचे कान लाल झाले. पदर ओढून ती आत गेली. नवऱ्याला तिनं हे सांगितलं नसावं.

आणि त्या दिवशी चौकात मीच हात वर केला. कशाला, तर गुणवंतानं येऊन मला पलीकडे न्यावं म्हणून. त्याचं लक्ष गाड्यांकडे होतं. तिनं मात्र मला नेमकं पाहिलं. डोक्यावर पदर ओढला आणि भर रस्त्यात उडी टाकली. सायकल हलकी झाली हेही गुणवंताला कळलं नाही, तो चार पायडल पुढे गेला.

मी कसा धावलो, मला आठवत नाही. गुणवंता सगळ्यांना सांगतो, "दादा होता म्हणून वाचली." मी ऐकून घेतो. लाज वाटते.

मी वार्डात गेलो की ती पदर सावरत उठायला बघते आणि टांगलेला पाय हलतो. "उठू नको बाई, माही शपथ आहे," म्हटलं, तरी हात पदराकडे जातोच. नर्स म्हणाली, "तुम्ही आले का पेशंट हलते. बाहेरच बसा." म्हणून व्हरांड्यात बसून हे लिहितोय.

तुम्ही आणि विहीणबाई सकाळच्या छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीनं निघून या. तुमचं ती ऐकेल. पडून राहिल्यानं कोणाचा मान जात नाही, हे तुम्ही सांगा. मी चार माणसांत तुमच्या घराच्या वळणावर बोट ठेवलं, त्याची माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

गुणवंताला यातलं काही माहीत नाही. त्याच्यासमोर माझी जीभ उचलत नाही. म्हणून हे पाकीट न चिकटवता त्याच्याच हाती देतोय, वाच आणि पोस्टात टाक म्हणून. तुम्हाला पत्र मिळालं, तर त्यानं वाचलं असं समजा.

तुमच्या लेकीचा अपराधी,
पुंडलिक