थेकडीचे वेलदोडे

मुलुंड (पूर्व)
१६ फेब्रुवारी १९८६

प्रिय नलिनी,

माझं अक्षर बघून पाकीट बाजूला ठेवू नकोस. गेल्या एप्रिलपासून तू माझ्याशी बोलली नाहीस. गणपतीतही मोदक वळून दिलेस आणि निघून गेलीस. मोठी जाऊ म्हणून आधी मीच बोलायला हवं होतं. तुझी बोरिवली आणि माझं मुलुंड यांच्यामध्ये म्हटलं तर एक जंगलच आहे, पण ते ओलांडायला मला दहा महिने लागले.

जानेवारीत आम्ही केरळात थेकडीला जाऊन आलो. ह्यांना कंपनीची सवलत होती, आणि मार्चमध्ये मसाल्याची भाजणी सुरू झाली की मी उंबऱ्याबाहेर पडत नाही, म्हणून हे म्हणाले, आत्ताच चल. कोट्टायमपासून बस घाट चढते. आधी रबराची झाडं, मग चहा, आणि वर सगळी मिरी. वेल झाडांवर चढलेले आणि त्यांना हिरवे घोस. अंगणात चटयांवर ती वाळत घालतात, गावी आपण आंबोशी घालतो तशी. तू असतीस तर चार दाणे चावून बघितले असतेस आणि मालकाला नावंही ठेवली असतीस. खरंच सांगते, तुझी फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी अभयारण्यातल्या तलावात होडीतून गेलो. पाण्यात जुनी मेलेली झाडं उभी आहेत, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसतात. काठावर हत्तींचा कळप आला. त्यातल्या एका हत्तिणीने सोंड उंच करून आमच्याकडे वळवली. तिला आपला वास लागला, असं होडीवाल्याने सांगितलं. पुढच्या वळणावर होडीतल्या सगळ्यांनी एकदम नाकाला रुमाल लावले. काठावर गवा मरून पडला होता, दोन-तीन दिवस तरी झाले असतील. मी मांडीवर डबा घेऊन चिवडा खात होते. तुका वास येणा नाय गो, असं ह्यांनी विचारलं. सर्दी झालीय, मी म्हणाले. सर्दी नव्हती, नलिनी. घास तोंडात तसाच राहिला.

परत येताना वेलदोड्याची भट्टी दाखवायला नेलं. बंद खोली, गरम हवा, जाळीच्या फळ्यांवर हिरवे वेलदोडे. आत शिरताच सगळे अहाहा करू लागले. ह्यांनी तर डोळेच मिटले. मला फक्त गरम लागत होतं. निवडायला बसलेल्या एका म्हातारीने एक वेलदोडा फोडून माझ्या तळहातावर ठेवला. मी नाकाशी नेला, जोरात ओढून बघितलं, आणि छान आहे म्हणून मान हलवली. ती माझ्याकडे बघतच राहिली. भाषा येत नसली तरी तिला कळलं असावं. मी बाहेर येऊन बसच्या पायरीवर बसले आणि मला आपला एप्रिल आठवला.

तू मोरीतून हात पुसत आलीस आणि दारातूनच म्हणालीस, वहिनी, धणे करपले. समोर भाजलेला मसाला कांडपाला न्यायला आलेल्या बायका बसल्या होत्या. बारा वर्षं मी नाकावर भाजणी काढतेय, धणे कधी उतरवायचे आणि दगडफूल किती वेळ ठेवायचं हे मला कुणी शिकवू नये, असं मी बोलले. तुझं नाक अजून माहेरीच राहिलंय, असंही बोलले. त्या बायका हसल्या. मग दोन घरांतून मसाला कडू म्हणून परत आला तेव्हा मी म्हटलं, त्यांनीच वाटण जाळलं असेल. तुम्ही बोरिवलीला जागा घेतलीत ती अनंतभावोजींच्या नोकरीसाठी, असं मी सगळ्यांना सांगते. त्यात माझा वाटा किती, ते तू मला कधी सांगितलं नाहीस.

नाकाचं हे कधीपासून झालं ते मला कळलंसुद्धा नाही. यंदा कचऱ्याच्या डंपिंगचा वास कमी झालाय असं मी वर्षभर सांगत फिरत होते. शेजारची शेवंती हसायची, मला वाटायचं माझं पटलं म्हणून हसतेय. गेल्या मंगळवारी तीच धावत आली आणि तिने माझ्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली. गॅसचं बटण अर्धवट उघडं होतं, घरभर गॅस झाला होता. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आता दर अर्ध्या तासाने उठून मी बटणाला हात लावून बघते. डॉक्टरकडे जायचं आहे, पण तो काय सांगेल याचीच भीती वाटते.

एक तारखेपासून मिरच्या यायला लागतील. पस्तीस घरं माझ्यावर विसंबून आहेत. कढईपाशी मी हलवायला बसेन, पण उतरव असं तू सांगायचं. येशील का? बायकांसमोर मी तुला बोलले, तर बायकांसमोरच सांगेन की धणे करपले होते. हे उद्या बोरिवलीला येताहेत, त्यांच्या हाती पाकीट चिकटवून देते आणि थेकडीचे पावशेर वेलदोडेही. दुकानदाराने चांगले म्हणून दिले आणि मी घेतले. तू एक फोडून बघ आणि वास कसा आहे ते मला लिही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
प्रेमावहिनी