खालून सुरू कर

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. कोणाचेही दडपण नाही, असे लिहायची रीत आहे. वडील वारून चाळीस वर्षे झाली. दडपण आहे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावे.

१. वडील गणिताचे मास्तर होते. त्यांनी घर मला एका अटीवर दिले: ९९९९६२०००३५७ या संख्येचे दोन अवयव सापडेपर्यंत मी घर सोडू नये, विकू नये, माझ्यामागे घरात राहील त्याने भागाकार पुढे चालवावेत. "खालून सुरू कर. एकही मूळ संख्या गाळू नकोस. दहा लाखांच्या आत उत्तर आहे," एवढेच म्हणाले. रोज सकाळी चार-पाच भागाकार, प्रत्येकाचा पडताळा. आता आठ लाखांच्या पुढे आले आहे.

२. मला मागणी घालणाऱ्या, जमीन मोजणाऱ्या मोजणीदारांना वडिलांनी अंथरुणातून सांगितले, "आधी संख्या फुटू दे, मग लग्न." ते तीन वर्षे थांबले, मग शहाण्यासारखे दुसरीकडे संसाराला लागले. त्यांची विसरलेली छत्री कपाटामागे आहे, ती पोचवावी. काड्या शाबूत आहेत.

३. धाकटा भाऊ घर सोडताना म्हणाला, "ताई, हे बाबांचं गणित आहे, तुझं नाही. चल माझ्याबरोबर." मी त्याला पळपुटा म्हटले आणि तो वारेपर्यंत अबोला धरला. त्याचे खरे होते. वडिलांचे टेबल कोणालाही देऊ नये, फोडून जळणाला घालावे.

४. हद्द वडिलांनीच सांगितल्यामुळे मी संख्येचे वर्गमूळ कधी काढले नव्हते. गेल्या आठवड्यात, अजून किती उरले म्हणून काढले. ते ९९९९८१ ला केसभर कमी आले. ९९९९८१ चा वर्ग केला, तर आमच्या संख्येहून फक्त चार जास्त. चार म्हणजे दोनाचा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी शाळेतले पोरही फोडते: दोन कमी, दोन जास्त. अवयव ९९९९७९ आणि ९९९९८३. ते आणखी फुटतात का हे पाहायला कोणी बसू नये. फुटत नाहीत, एवढे कळायला माझे पहिल्या दीड महिन्याचे भागाकार पुरेसे होते.

वरून पाहिले असते तर चहा निवायच्या आत सुटले असते. ते सूत्र मला वडिलांनीच शिकवले होते. त्यांनी अगदी जवळजवळचे अवयव निवडले आणि मला सर्वांत लांबच्या टोकाला बसवले. त्यांना उत्तर नको होते, घरात मुलगी हवी होती. मला त्यांचा फार राग येतो, हे इथे लिहून ठेवते.

५. भावाची मुलगी माझ्या गुडघ्यासाठी दोन आठवडे म्हणून आली, त्याला वर्ष झाले. परगावची नोकरी तिने लांबणीवर टाकली आहे. काल पेन्सिल घेऊन टेबलाशी बसली. "आत्या, आजचे भागाकार मी करते. तू पड जरा." म्हणून घर आणि बँकेतली शिल्लक तिला, कोणत्याही अटीशिवाय. घर विकावे. संख्या कोणालाही नाही.

६. उत्तर सापडल्यावरही मी रोज सकाळी भागाकार केले. आजही केले. माझा भरवसा धरू नये. घराचा ताबा आजपासूनच भाचीचा. हा कागद आणि किल्ली आजच तिच्या हातात देत आहे. मी मागितली, रडून मागितली, तरी किल्ली मला परत देऊ नये.

साक्षीदार: कोपऱ्यावरचे शिंपी, दातांच्या डॉक्टरीणबाई.
ठिकाण: शिंप्याचे दुकान. घरातल्या टेबलावर हात दुसरे काही लिहीना.
तारीख: १७ मार्च.
सही: मुलीची. (आत्याची.)