बेंबीवाल्या देवाचं शेवटचं प्रकरण

मी, खाली सही करणारा, वय बावीस, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहितो. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. दडपण कोणाचंही नाही. माझ्यावर दडपण आणायची आमच्या घरात कोणाची टाप नाही.

१. सायकल आईला. तिने ती विकू नये, चालवायला शिकावी.

२. बँकेतली शिल्लक थोरल्या भावाला. "तुझ्या कादंबरीतला तो देव नोकरी कुठे करतो रे?" असं दादा पाहुण्यांसमोर विचारतो. शिल्लक बघून त्याला उत्तर मिळेल. या पत्रातली एखादी वाटणी फसली, तर तीही त्याच्याच पदरात पडेल. माझं दुर्दैव.

३. आमच्या प्रकाशकांना माझी डुगडुगणारी खुर्ची. तिच्यावर बसून मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि मुखपृष्ठावर नाव आलं एका निवृत्त प्राध्यापकाचं. हा गृहस्थ स्वतःला महर्षी म्हणवतो. आपल्याच कादंबरीतल्या यानाला चाकं असतात का, हे त्याने मला तिसऱ्या भागानंतर विचारलं. त्याला काही नाही.

गोष्ट अशी : पंप दुरुस्त करणारा एक माणूस ओसाड ग्रहावर जातो, मेलेल्या देवांचं चिलखत अंगावर चढवतो आणि हळूहळू स्वतःच देव होऊ लागतो. मुखपृष्ठावर देवाला बेंबी काढायची नाही, कारण देव जन्माला येत नाहीत, हा प्रकाशकांचा नियम. तिसऱ्या भागाच्या चित्रात बेंबी राहिली आणि तशीच छापली गेली. प्रकाशक ओरडले, "ही घोडचूक कोणाची?"

"माझी," आमची चित्रकार म्हणाली. "पण देव व्हायच्या आधी तो पंप दुरुस्त करायचा ना? मग त्याला आई होती. ती कुठे गेली?"

बेंबी झाकायला सगळ्या प्रतींवर सोनेरी चकत्या चिकटवल्या. मी तिथेच प्रेमात पडलो. तिला सांगितलं, तर म्हणते, "आधी दाढी नीट कर." ती एका दातांच्या डॉक्टरबरोबर फिरते. त्या डॉक्टरला मी काहीही ठेवत नाही, आणि हे नजरचुकीने झालेलं नाही.

४. चौथ्या भागाचं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलंय. प्रकाशकांना नायक पूर्ण देव झालेला हवाय, म्हणजे पुढचे भाग काढत बसता येईल. माझ्या मते त्याने चिलखत उतरवून घरी जावं. देव होणं हे भित्र्यांचं काम : मरायला नको, म्हातारं व्हायला नको, कोणाला तोंड उघडून "येतेस का?" विचारायला नको. करारानुसार हे प्रकरण लिहायचा हक्क माझा आहे. तो मी चित्रकार मुलीला देतो. दादाच्या हाती पडला, तर तो जेवणाआधी प्रकाशकांना देऊन मोकळा होईल.

पुरवणी. हे लिहून झालं तेव्हा ती भेटायला आली होती. साक्षीदार दोन लागतात. शेजारच्या खाटेवरचे बसचालक काका तयार झाले. "दुसरी मी," ती म्हणाली.

नर्सबाईंनी अडवलं. "यात तुझं नाव असेल तर सही करू नकोस. वाटा बाद होतो. माझ्या मावशीचा झालाय."

"आणि बाकीचं पत्र?"

"ते टिकतं."

तिने कागद माझ्या हातातून ओढला, चौथं कलम वाचलं आणि सरळ सही ठोकली.

"अक्कल आहे का तुला?" मी ओरडलो. "आता ते दादाकडे जाईल!"

"तू मेलास तर. मला लिहिता येत नाही, मी चित्रं काढते. त्याला घरी पाठवायचंय ना? मग ऊठ आणि तूच पाठव."

"बरोबर बोलतेय ती, पोरा," म्हणत काकांनीही सही केली.

नवीन पत्र करायला मी कागद मागितले. तिने कोऱ्या कागदांचा गठ्ठा पिशवीत कोंबला आणि चालती झाली. म्हणून हे याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितोय. पत्र आहे तसंच कायम.

साक्षीदार :
१. चित्रकार (वाटा बाद, स्वखुशीने)
२. बसचालक काका

स्थळ : हृदयरोग वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक : शस्त्रक्रियेचा आदला दिवस

सही : मृत्युपत्र करणारा, नाइलाजाने जगणार असलेला