तारा उतरवू नयेत

मी, आस्लाउग तार्येइ ब्योर्कली, वय एकाहत्तर, लग्न न केलेली, धंदा व्हायोलिन वाजवणे, राहणार ग्रोवात्न तळ्याच्या उत्तरेचे ब्योर्कली शेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. या हिवाळ्यात काही दिवस ते ठिकाणावर नव्हते, त्याचा खुलासा पुढे येईल. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. केला असता तर त्याचे नाव इथे लिहिले असते.

वकिलाकडून लिहून घ्यावे असे माझ्या भाचीने दोनदा सुचवले. दोनदा सुचवले म्हणूनच मी स्वतः लिहीत आहे.

कलम पहिले. यापूर्वी मी केलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. एक पिठाच्या डब्यात आहे, दुसरे भिंतीवरच्या घड्याळाच्या पोटात. घड्याळातले कोणीतरी वाचलेले आहे. त्याच्या घडीत मी माझा एक केस ठेवला होता, तो पुढे सापडला नाही. मधल्या काळात घड्याळाजवळ दोनच माणसे गेली होती, भाची आणि दुरुस्तीवाला. दोघांनीही जाताना माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला होता.

कलम दुसरे. घर, गोठा, वरचे कुरण आणि तळ्याकाठची जमीन माझी भाची योरुन हिला मिळावी. ती माझ्या बहिणीची एकुलती एक मुलगी आहे आणि बहिणीचा या घरावर हक्क होता, एवढे मला कळते. योरुनचा नवरा दर उन्हाळ्यात येतो आणि बोलता बोलता गोठ्यापासून तळ्यापर्यंत पावले मोजतो. तो सुट्टीवाल्यांसाठी झोपड्या बांधणार आहे हे मला कोणी सांगितलेले नाही, पण माझे शेळीच्या दुधाचे तपकिरी चीज त्याला एकदम इतके का आवडू लागले तेही कोणी सांगितलेले नाही. झोपड्या बांधायच्या तर बांधाव्यात. अट एकच. तळ्याकडची खिडकी बुजवायची नाही, तिच्यासमोर काही बांधायचे नाही आणि तिच्यावर पडदा, कातडे किंवा फळी लावायची नाही. अट मोडल्यास घर गावच्या शाळेला जाईल. गुरुजींना हे कळवून ठेवले आहे, म्हणजे लक्ष ठेवायला कोणीतरी राहील.

कलम तिसरे. स्वयंपाकघरातली लोखंडी शेगडी खालच्या वस्तीवरच्या प्रार्थनाघराला द्यावी. १९०६ साली माझ्या मामाने, जो तिथला मोठा भक्त होता, माझ्या वडिलांचे पहिले व्हायोलिन याच शेगडीत घातले. ते सैतानाचे वाद्य आहे असे त्याचे म्हणणे होते. मी आठ वर्षांची होते. तारा तुटताना एकेक आवाज झाला आणि आई पोळ्या लाटत राहिली. शेगडी अजून उत्तम चालते, फक्त वारा दक्षिणेचा असला की धूर करते. त्यांच्याकडे वारा बहुतेक दक्षिणेचाच असतो. माझ्या दफनाच्या वेळी त्यांच्यापैकी कोणी बोलू नये. यायला हरकत नाही, कॉफी सगळ्यांना द्यावी.

कलम चौथे. लोकांना ठाऊक नसलेल्या एका गोष्टीचा कबुलीजबाब. १९५४ साली रेडिओवाले एक गृहस्थ मोठे यंत्र घेऊन आले होते. त्यांनी माझ्याकडून वडिलांची 'तळे फुटण्याची धून', म्हणजे तळ्यावरचा बर्फ फुटतानाची, वाजवून घेतली आणि राजधानीच्या शहरात नेऊन ठेवली. ती खोटी आहे. तारा साध्या सुरात लावल्या होत्या आणि तिसरी फेरी मी गाळली. गृहस्थ भला होता, त्याने माझ्यासाठी संत्री आणली होती. पण ज्याला संत्री आणावीशी वाटतात त्याला काहीतरी हवे असते, असा माझा तेव्हा हिशेब होता. तिथे जे ठेवले आहे ते फेकून द्यावे किंवा त्यावर 'खोटे' असे लिहावे.

कलम पाचवे. व्हायोलिन. हे कलम लांब आहे. ज्यांना घाई आहे त्यांना घर मिळालेच आहे.

आमच्याकडच्या व्हायोलिनला चार तारांच्या खाली आणखी पाच तरफेच्या तारा असतात. त्यांना गज लागत नाही, त्या वरच्यांच्या आवाजाने आपोआप गुणगुणतात. वरच्या तारा किती चढवायच्या आणि किती उतरवायच्या हे धुनेप्रमाणे बदलते, त्यालाच लावणी म्हणतात, आणि ज्याला धुनेची लावणी माहीत नाही त्याची बोटे कितीही तयार असली तरी त्याच्या हाती नुसता गोंगाट लागतो. म्हणून जुने वाजवणारे धून एक वेळ ऐकू देत, पण लावणी कोणाला कळू देत नसत. वाजवून झाले की सगळ्या तारा उतरवायच्या, म्हणजे सैल करायच्या, आणि मगच वाद्य पेटीत ठेवायचे. माझे वडील म्हणत, "सूर लावून ठेवलेलं व्हायोलिन म्हणजे दार उघडं टाकलेलं घर. उतरव तारा." मी पंचावन्न वर्षे उतरवत आले.

याच व्हायोलिनवर मी पोट भरले. बाईमाणसाने नवरीच्या पुढे वाजवत चालावे हे सुरुवातीला कोणाला रुचले नाही. नवरीच्या आया माझ्याकडे पाहत आणि मग माझ्या बुटांकडे पाहत. पण उणे तीस थंडीत तळ्यावरून चर्चपर्यंत बोटे न आखडता वाजवणारे दुसरे कोणी नव्हते, तेव्हा बोलावू लागले. वाद्य मी कोटाच्या आत पोटाशी धरून नेत असे. गरम खोलीत शिरायच्या आधी पेटी अर्धा तास ओसरीत ठेवायची, नाहीतर लाकूड तडकते. त्या अर्ध्या तासात मी पेटीवर बसून राही. लोक म्हणत आस्लाउग गर्विष्ठ आहे, आत येत नाही. मी गर्विष्ठ नव्हते. मला पेटी एकटी सोडवत नव्हती.

तळ्यापलीकडे एकच घर आहे, स्वेनुंग हाउगेनचे. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आणि स्वतः व्हायोलिन वाजवणारा. १९१९ च्या हिवाळ्यात वडिलांना बर्फात स्कीच्या दोन रेघा दिसल्या. त्या पलीकडून तळे ओलांडून येत आणि आमच्या खिडकीखाली संपत. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी खिडकीवर मेंढीचे कातडे ठोकले, वरच्या बाजूने खिळे आणि खाली मोकळे. रेघा काही थांबल्या नाहीत. १९२९ साली वडील गेले तेव्हा थांबल्या.

पुढे १९३४ साली खोऱ्यातल्या वाजवण्याच्या स्पर्धेत स्वेनुंग उभा राहिला आणि त्याने 'तळे फुटण्याची धून' सुरू केली. तरफा अचूक गुणगुणत होत्या. मी दारातून आत आले. त्याने मला पाहिले, पहिली फेरी संपवली, आणि गज खाली घेऊन निघून गेला. सगळे खोरे म्हणाले बिचारा विसरला. मी म्हटले, चोराचे हात थरथरले. त्या दिवसापासून पस्तीस वर्षे मी त्याच्याशी बोलले नाही. तो चर्चमध्ये उजवीकडे बसला की मी डावीकडे बसत असे, आणि नजर मात्र त्याच्या बोटांवर ठेवीत असे.

आता या हिवाळ्याचे. जानेवारीत मी भोवळ येऊन गोठ्यात पडले. दोन दिवस जीभ जड होती. हात वाचले. आठवड्याने व्हायोलिन काढले, तारा चढवायला बसले, आणि मला लावणी आठवेना. बारीक तार खाली येते एवढे आठवत होते, बाकी काही नाही. धून बोटांत होती, ती होती तिथेच होती. लावणी डोक्यात होती, ती गेली. अकरा दिवस मी खुंट्या पिरगाळत बसले. कागदावर लिहिली नव्हती, कारण कागद वाचता येतो. कोणाला शिकवली नव्हती, कारण माणूस बोलतो. आणि वाद्यावरही तिची खूण नव्हती, कारण दर वेळी मीच ती माझ्या हाताने पुसून टाकली होती. चोर येईल म्हणून मी घर इतके पक्के बंद केले की आता मीच बाहेर राहिले.

बाराव्या दिवशी, उजेड पुरेना म्हणून, मी खिडकीवरचे कातडे उपटून काढले. पन्नास वर्षे ते तिथे होते. फेब्रुवारीत डोंगराआडून ऊन पहिल्यांदा परत येते तोच दिवस होता, हे माझ्या ध्यानात नव्हते. तासाभरात पायाने रेटायची घसरगाडी घेऊन स्वेनुंग दारात उभा. तुमची काच चमकली, असे तो म्हणाला. चाळीस वर्षांत कधी चमकली नव्हती, तेव्हा काही बरेवाईट झाले असेल असे वाटले म्हणे. मी त्याला आत घेतले, पण दार लावले नाही.

त्याने टेबलावरचे व्हायोलिन पाहिले. मला विचारून मग हातात घेतले. मी मुद्दाम काहीच सांगितले नाही, बारीक तारेचेही नाही. त्याने जाड तार सैल केली, दुसरी चढवली, तिसरीला हात लावला नाही आणि बारीक तार खाली आणली. मग तरफा जुळवल्या. त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली तेव्हा वडील खोलीत आल्यासारखे झाले. धुनेचा एकही सूर न वाजवता त्याने वाद्य माझ्यापुढे ठेवले.

मी म्हटले, "म्हणजे चोरलीस तू. मी उगाच म्हणत नव्हते."

"लावणी चोरली," तो म्हणाला. "धून कुठे मिळाली? कातडं लावलंत ना तुम्ही. तुझे वडील तारा लावायला कातडं वर करून खिडकीशी यायचे, उजेडाला. तेवढं काचेतून स्वच्छ ऐकू यायचं. मग कातडं खाली. पहिली फेरी कशीबशी यायची कानावर. दहा हिवाळे मी तारा लावणंच ऐकलंय, आस्लाउग."

"आणि स्पर्धेत?"

"पुढचं येतच नव्हतं मला. वाटलं, वाजवता वाजवता येईल. नाही आलं."

"मग विचारायचं होतंस. पस्तीस वर्षं होती."

"चोराने काय विचारायचं? आणि तू बोलत होतीस कुठे."

माझा संशय खरा ठरला. आयुष्यात इतके संशय घेतले, त्यातला हा पुराव्यासकट खरा ठरला, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. धून माझ्याकडे आणि लावणी त्याच्याकडे, मध्ये एक तळे, आणि दोघेही म्हातारे. त्याने चोरी केली नसती तर वडिलांची धून माझ्या गोठ्यातच संपली असती. हे मी राजीखुशीने लिहीत नाही, पण खरे आहे म्हणून लिहिते.

मी वाजवली. तिन्ही फेऱ्या. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला, बस म्हटले तरी बसला नाही. संपल्यावर म्हणाला, "अशी वळते होय ती." एवढेच. मला रडू आले. वडील गेले तेव्हाही आले नव्हते.

मग माझा हात आपोआप खुंटीकडे गेला, तारा उतरवायला. त्याने फक्त माझ्या हाताकडे पाहिले. मी हात मागे घेतला. त्या दिवसापासून तारा चढलेल्याच आहेत.

तेव्हापासून दर गुरुवारी तो येतो, बर्फ होता तोवर घसरगाडीने आणि आता होडीने. दुसरी फेरी त्याला जमली आहे, तिसरी अजून अडखळते. पुष्कळदा तो आत न येता खिडकीखाली उभा राहतो, इथून जास्त कळते म्हणतो. तो तेव्हाही धुनेसाठी येत नसे असे पोस्टमन म्हणतो. पोस्टमनच्या म्हणण्याला मी किंमत देत नाही, पण मागे एकदा स्वेनुंगला विचारले, की वडील गेल्यावर येणे का थांबवलेस. तो म्हणाला, "तू एकटी होतीस. लोकांनी तुला नावं ठेवली असती." यात काहीतरी डाव असेल म्हणून मी तीन दिवस विचार केला. सापडला नाही.

तरी व्हायोलिन, गज, पेटी आणि वडिलांची वाद्यदुरुस्तीची सरसाची भांडी व हत्यारे स्वेनुंग हाउगेन याला मिळावीत. त्याच्यानंतर तो म्हणेल त्याला मिळावीत. कोणाला, हे मी त्याला विचारलेले नाही आणि विचारणार नाही. तो माझ्या आधी गेला तर व्हायोलिन शाळेच्या भिंतीवर टांगावे, आणि जो मागेल त्याला काढून द्यावे.

कलम सहावे. 'तळे फुटण्याची धून' हिची लावणी. हे मृत्युपत्र पोलीस पाटलासमोर मोठ्याने वाचले जाईल हे मला माहीत आहे. हे कलम दोनदा वाचावे, आणि सावकाश.

नेहमीच्या लावणीवरून सुरुवात करावी. जाड तार दोन पूर्ण स्वर खाली. दुसरी एक पूर्ण स्वर वर. तिसरी आहे तशी. बारीक तार दीड स्वर खाली. तरफा या चौघींना जुळवून घ्याव्यात. वाजवून झाल्यावर तारा उतरवू नयेत.

आस्लाउग तार्येइ ब्योर्कली
ब्योर्कली, ग्रोवात्न
१५ मे १९६९, तळ्यावरचा बर्फ फुटल्यानंतरचा पाचवा दिवस

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम अशी दोन माणसे निवडली होती ज्यांना सुराचा गंध नाही. निवड मार्चमध्ये केली होती. आता तशी गरज उरलेली नाही, पण माणसांना शब्द दिला होता.

आम्ही खाली सही करणारे सांगतो की आस्लाउगबाईंनी आमच्यादेखत, शुद्धीवर असताना सही केली आणि आधी आमची पेने तपासून पाहिली. या मृत्युपत्रातून आम्हाला काही मिळणार नाही. सहीच्या वेळी व्हायोलिन टेबलावर होते, त्याच्या तारा चढवलेल्या होत्या आणि तळ्याकडची खिडकी उघडी होती. खिडकीखाली कोणीतरी उभे होते. आस्लाउगबाईंना ते माहीत होते.

१. एइविंद लोम्मेन, पोस्टमन
२. थोरा साग्लिएन, शाळेच्या गुरुजींच्या पत्नी, डावा कान निकामी